अडवणाऱ्याचा अंमल

शाळेच्या मैदानावर आट्यापाट्यांचा डाव मांडला, की धावण्यात मंद म्हणून मला पाटी धरायला उभे करीत. आणि रुंद अंगाच्या मुलाला जी एक विद्या आपसूक साधते ती मला तेथे साधली. पुढच्याला शिवण्यापेक्षा, आपण शिवू या धास्तीनेच त्याला हवी ती वाट सोडायला लावायची. ज्या दिवशी मी एकही गडी बाद केला नाही, त्या दिवशीही कोंडी फुटली नाही ती कोणामुळे, हे फक्त आमच्या कप्तानाला कळे.

पुढे पुण्यात वसतिगृहात डंजन्स अँड ड्रॅगन्सचा पट दिसला, तेव्हा मी फारसा विचार न करता चिलखती योद्धा घेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला हा खेळ लघुमूर्तींच्या युद्धखेळांच्या कुळातला. म्हणून त्यात मंत्रतंत्र कितीही असले, तरी पटावर जागेचा हिशोब चोख. पाच फुटांचा एक चौरस. हाती तलवार असेल तर भोवतीच्या आठ चौरसांवर योद्ध्याचा अंमल, आणि दहा फूट पोचणारा हॅलबर्ड असेल तर चोवीस. या मुलखातून बाहेर पडू पाहणाऱ्याकडून जकातीसारखा एक वार वसूल करता येतो. खेळाडू त्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात.

खिंड लढवण्याचा मोह मराठी मनाला लवकर होतो, आणि दारात उभे राहून मार खाणे हेच चिलखती योद्ध्याचे, खेळाडूंच्या भाषेत ‘टँक’चे, काम, अशी समजूत आमच्या मंडळीत रूढ होती. पण पावनखिंडीत वाट डोंगराने आधीच अरुंद केलेली होती. मोकळ्या दालनात चिलखतधाऱ्याला वळसा घालून मागच्या जादूगाराचा गळा धरण्यास शत्रूला कोणाची मनाई? उलट चिलखत जितके अभेद्य, तितके शहाण्या शत्रूला त्याच्याशी झुंजण्याचे प्रयोजन कमी. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हे ओळखून रक्षकाची स्वतंत्र भूमिकाच निर्माण केली: योद्ध्याने ‘मार्क’ केलेल्या शत्रूने त्याला वगळून दुसऱ्यावर हल्ला केला, की फाशातून दोन वजा. ती आवृत्ती पुष्कळांना रुचली नाही, मला रुचली.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत हा बंदोबस्त सैल झाला. योद्ध्याच्या टप्प्यातल्या टप्प्यात त्याच्याभोवती फिरणे फुकट, वार फक्त टप्पा सोडताना, आणि तोही फेरीत एकदाच. सेंटिनेल ही खास सिद्धी मिळवली, तर त्या वाराने शत्रूची गती त्या खेळीपुरती शून्यावर येते. पण नेम चुकला तर काहीच नाही, आणि लागला तरी पुढचा गडी बिनदिक्कत निघून जातो. त्यामुळे पहिला क्षुद्र गॉब्लिन मुकाट्याने जाऊ द्यावा आणि त्याच्यामागून येणाऱ्या सरदारासाठी तो एकमेव वार राखून ठेवावा, ही तजवीज करताना जो संयम लागतो तो मला तलवारबाजीपेक्षा अवघड वाटत आला आहे. विशेषतः मागून जादूगार झालेला मित्र माझ्या नावाने ओरडत असताना.

आमच्या डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, अलीकडे उडणारे राक्षस आणण्याचा सपाटा लावला आहे, आणि आकाशात माझा अंमल चालत नाही. पण जादूगाराला उचलायला त्यांना खाली यावेच लागते. आणि धरून ठेवलेल्या प्राण्याची गती शून्य होते, हा नियम पंखांनाही लागू आहे. म्हणून सध्या मी हॅलबर्ड ठेवून साधी तलवार घेतली आहे आणि डावा हात मोकळा राखतो.