खांद्यावरचा डोसमीटर आणि वादकाचा कान

कारखान्यातील गोंगाटामुळे कामगाराची श्रवणशक्ती जाते हे ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्याने मान्य झाले, परंतु संगीतही त्याच मापाने मोजले पाहिजे ही गोष्ट तेथील नाट्यगृहांच्या आणि वाद्यवृंदांच्या पचनी पडायला बराच काळ जावा लागला. कामाच्या ठिकाणच्या ध्वनीवर नियंत्रण ठेवणारे २००५चे नियम इतर उद्योगांना एप्रिल २००६पासून लागू झाले, तर संगीत आणि करमणूक या क्षेत्रांना दोन वर्षांची सवलत मिळून ती क्षेत्रे एप्रिल २००८मध्ये या नियमांच्या कक्षेत आली. दिवसभराची सरासरी ८० डेसिबलला पोचली की मालकाने धोक्याची माहिती आणि मागेल त्याला कर्णरक्षक द्यावेत, ८५ला पोचली की आवाज कमी करण्याची योजना आखावी आणि उरलेल्या धोक्यापुरते कर्णरक्षक सक्तीचे करावेत, आणि कर्णरक्षक लावून कानापर्यंत पोचणारा आवाज ८७च्या वर जाऊ देऊ नये, अशी या नियमांची चढती रचना आहे.

ही सरासरी नोंदवण्यासाठी जे उपकरण अंगावर वागवले जाते त्याला डोसमीटर म्हणतात, कारण औषधाची मात्रा ठरावी तशी कानाने दिवसभरात पचवलेल्या ध्वनीची मात्रा ते मोजते. त्याचा छोटा मायक्रोफोन खांद्यावर, ज्या कानावर अधिक आवाज येतो त्या बाजूला, कानापासून थोड्या अंतरावर बसवतात. वापरण्यापूर्वी आणि नंतर ठराविक पातळीचा ध्वनी देऊन त्याची अचूकता तपासतात. आणि कपड्याचे घर्षण किंवा चुकून लागलेला हात खोटा उच्चांक नोंदवणार नाही याची काळजी घ्यावी लागते. डेसिबलच्या मापनपद्धतीत दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होत असल्यामुळे ८५ डेसिबलला आठ तासांत भरणारी मात्रा ८८ला चार तासांत, ९१ला दोन तासांत आणि १००ला अवघ्या पंधरा मिनिटांत भरते. केवळ कानाने ऐकून हा हिशेब कोणालाही करता येत नाही, आणि उपकरणाची खरी गरज येथेच आहे.

मात्र मात्रेच्या या हिशेबात न बसणारा अनुभव लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील व्हायोलावादक ख्रिस्तोफर गोल्डशायडर यांच्या वाट्याला आला. १ सप्टेंबर २०१२ रोजी वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूर’ या संगीतिकेची तालीम रंगमंचापुढील खोलगट जागेत, म्हणजे ऑर्केस्ट्रा पिटमध्ये चालू होती, आणि त्यांची खुर्ची ट्रम्पेट आदी पितळी वाद्यांच्या थेट पुढे असल्यामुळे मुख्य ट्रम्पेटचे तोंड त्यांच्या उजव्या कानाच्या अगदी मागे आले होते. तेथील आवाज काही क्षणी १३० डेसिबलच्या वर गेला. त्यानंतर त्यांना ज्या त्रासाने घेरले त्याला ध्वन्याघात असे म्हणता येईल, म्हणजे अचानक आदळलेल्या तीव्र ध्वनीने कानाला बसलेला धक्का, ज्यानंतर घरातले साधे आवाजही वेदनादायक वाटू लागतात. स्वयंपाकासारख्या रोजच्या कामातही त्यांना कर्णरक्षक घालावे लागले, आणि २०१४मध्ये त्यांनी वाद्यवृंद सोडला. ज्याचे सारे आयुष्य सूक्ष्म स्वरभेद ऐकण्यावर उभे आहे त्याच्यासाठी ही हानी केवळ उपजीविकेची नव्हे.

मार्च २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती निकोला डेव्हिस यांनी संस्थेला जबाबदार धरले, आणि कलेच्या गरजेपुढे नियमांनी माघार घ्यावी हा युक्तिवाद नाकारताना कारखाना आणि ऑपेरा हाउस असा भेद हे नियम करत नाहीत असे स्पष्ट केले. एप्रिल २०१९मध्ये अपील न्यायालयाने ही जबाबदारी कायम ठेवली. हा निकाल सर्वथा योग्य आहे, कारण नियमांचा क्रमच असा आहे की आधी ध्वनी उगमापाशी आणि वाटेत कमी करावा, म्हणजे खुर्च्या लांब कराव्यात, बैठक बदलावी, तालमींना विश्रांती द्यावी, आणि कर्णरक्षक हा शेवटचा उपाय मानावा. डोसमीटरची नोंद तालमीनंतर कपाटात गेली तर ती फक्त काय घडले एवढेच सांगते; वादकाला वाचवायचे असेल तर ती पुढच्या तालमीची बैठक आखणाऱ्याच्या हाती पडायला हवी.

२०१९पासून काही मनगटी घड्याळेही सभोवतालचा आवाज मोजून सूचना देऊ लागली आहेत. मायक्रोफोन कानाजवळ नसून मनगटावर, प्रसंगी बाहीखाली, असल्यामुळे कायदेशीर मापनात त्यांना स्थान नाही, पण ज्यांना कोणी मालकच नाही त्यांच्यासाठी ती मोलाची आहेत. ब्रिटनमधील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात ढोल-ताशा वाजवणारी मंडळी बहुतेक स्वयंसेवक असतात, म्हणून नोकरीतील वादकाला मिळणारे संरक्षण त्यांना मिळत नाही, आणि आंतरकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की स्वयंसेवकाच्याही परत उगवत नाहीत. अशा पथकांच्या प्रमुखांनी सरावाच्या वेळी ताशांच्या लगत उभ्या राहणाऱ्या एका वादकाच्या खांद्यावर डोसमीटर लावावा, आणि त्याची नोंद पाहून पुढच्या सरावाआधी रांगांमधील अंतर आणि विश्रांतीच्या वेळा ठरवाव्यात.