तंबू घरीच ठेवा, कचारगडला चला!

ना टेन्ट, ना रिसॉर्ट, ना बार्बेक्यू. माघातल्या थंडीत लाखो माणसं जंगलाच्या कडेला उघड्यावर झोपतात. तेही महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला!

‘वीकेण्डला कॅम्पिंगला चाललोय,’ असं ऑफिसात कुणी म्हणालं की पुढचं आपल्याला पाठ असतं. नागाव नाहीतर काशीदचा किनारा, तोही लांब वाटला तर पवनेचं पाणी. आधीच उभारून ठेवलेले रंगीत टेन्ट, रात्री बार्बेक्यू आणि कुणीतरी गिटारवर वाजवलेली तीच ती चार गाणी, सकाळी पोहे, सोमवारी फोटो. मजा येते, नाही कशाला म्हणा? फक्त त्यात झोपण्याची जागा सोडली तर घरच्या गच्चीपेक्षा वेगळं काय असतं, हे विचारू नये.

दुसरं टोक बघायचं तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. तिथल्या समुद्रकाठच्या स्टेट पार्कमध्ये तंबू ठोकायचा तर सहा महिने आधी, सकाळी आठला बुकिंग उघडताच कॉम्प्युटरसमोर बसायचं, तत्काळ तिकिटासारखं. नंबर घातलेली जागा मिळते. तिच्यावर एक टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, लाकूड विकत घ्यायचं. समुद्र फुकट, बाकी सगळं नियमात!

या दोन्हींत न बसणारा एक प्रकार आपल्याच राज्यात आहे आणि त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. त्याला म्हणतात मुक्काम. शब्द जुनाच. एसटीची शेवटची गाडी ‘मुक्कामाची’ असते आणि आजोबांच्या पत्रावरच्या पत्त्यात ‘मु. पो.’ असायचं, त्यातला ‘मु.’ म्हणजे हाच. त्याचा खरा अर्थ बघायचा असेल तर माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला जा.

आधी पोहोचा तर खरं

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस, कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस. दोन्ही गाड्या थेट गोंदियात संपतात, त्यामुळे झोप लागून पुढे जाण्याची भीती नाही. नागपूर आलं की अर्धा डबा रिकामा होतो आणि ‘आता काय उरलंय?’ असं आपल्याला वाटतं. उरलेलं असतं भाताचं राज्य. भंडाऱ्यातून १ मे १९९९ला वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा, धानाचा आणि राइस मिलचा. इथे मराठीत झाडीबोली मिसळते, पोवारी मिसळते, हिंदी तर मिसळतेच. हॉटेलात ‘सांबार’ मागितलात तर कोथिंबीर मिळू शकते, सावध असा!

गोंदियाहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या रेल्वेवर आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. तोवर सपाट असलेली शेतं इथे अचानक संपतात आणि दोन्ही बाजूंनी टेकड्या रुळांवर झुकतात. आणखी थोडं पुढे गेलं की छत्तीसगड, बमलेश्वरीचं डोंगरगड. मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हाही शेजारीच. गोंदिया शहरापासून कचारगड साधारण ५५ किलोमीटर. पायथ्याचं गाव धनेगाव. यात्रेचा सगळा पसारा इथे पडतो आणि इथूनच जंगलातून गुहेकडे चढायचं.

ताडपत्री, गंज आणि तीन दगड

एरवी शांत असलेलं धनेगाव माघ पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस ओळखू येत नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा... गाड्यांच्या नंबर प्लेट वाचत चाललं तरी भूगोलाचा तास होतो. एसटीच्या जादा बस, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ट्रॉलीतून आधी आजी उतरते, मग तांदळाचं पोतं, मग जर्मनचा मोठा गंज (विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात), मग नातवंडं. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे आणि वर सप्तरंगी झेंडे. समोर येईल तो हात जोडून ‘जय सेवा’ म्हणतो. तुम्हीही म्हणा. ओळख लागत नाही.

आणि मग सुरू होतं ते कॅम्पिंग, ज्याला कॅटलॉग नाही. ट्रॉलीच्या कडेला ताडपत्री बांधली की छप्पर झालं. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर सतरंजी, त्यावर घोंगडी. आपण ज्या स्लीपिंग मॅटसाठी दोन-तीन हजार मोजतो तिचं काम तणस करतं, आणि ऊबही जास्त देतं. तीन दगड मांडले की चूल. भात आणि डाळ. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी सामूहिक जेवणाच्या पंगती. शेजारच्या ताडपत्रीतलं मूल आपल्या ताडपत्रीत येऊन झोपलं तर कुणी हरवल्याची घोषणा करत नाही.

थंडीची मात्र मस्करी करू नका. विदर्भ म्हणजे ऊन एवढंच आपल्याला माहीत असतं. हिवाळ्यात गोंदिया हे विदर्भातल्या सर्वांत गार ठिकाणांपैकी एक असतं आणि रात्रीचा पारा कधीकधी १० अंशांच्या खाली जातो. माघ संपेपर्यंत तो थोडा वर येतो, पण जंगलाच्या कडेला पहाटे दव पडतं तेव्हा तुमचं ब्रँडेड जॅकेट आणि आजीची घोंगडी यांच्यात कोण जिंकतं ते कळतं.

झोप तशी लागतच नाही. रात्रभर कुठे ना कुठे ढोल वाजत असतो, पोरं-पोरी हातात हात गुंफून नाचत असतात, एका मंचावर भाषणं चाललेली असतात. पुस्तकांचे स्टॉल जरूर बघा. तिथे गोंडी बाराखडीचे तक्ते टांगलेले दिसतील. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये गोंडीसाठी एक लिपी तयार केली. ती २०१७मध्ये युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता मोबाइलवर उमटू शकते. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते आणि समाजाची संख्या त्याच्या कितीतरी पट. म्हणजे इथे जमलेल्यांतल्या अनेकांच्या घरात आजी गोंडी बोलते आणि नातू मराठी किंवा हिंदी. तो तक्ता नातवासाठी विकत घेतला जातो. आजीला वाचता येवो न येवो.

मुलं, दगड आणि किंगरी

पण एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर वर गुहेत आहे आणि ते एका गोष्टीत आहे.

ही गोष्ट ज्याच्या तोंडून ऐकाल तशी थोडी बदलते. तिचा गाभा असा. काली कंकालीची तेहतीस मुलं. भारी द्वाड. माता जंगो रायतारच्या आश्रमात ती वाढत होती. त्यांच्या उपद्रवाने संतापलेल्या शंभूने त्यांना या डोंगरातल्या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. आई रडत राहिली. शिळा कुणाला हलेना. मग आला पारी कोपार लिंगो, गोंडांचा आद्य गुरू. तो एकटा आला नाही. त्याच्याबरोबर हिरासुका पाटालीर नावाचा वादक होता. त्याने किंगरी छेडली आणि आतल्या अर्धमेल्या मुलांच्या अंगात त्या सुरांनी बळ आलं. त्यांनी आतून रेटा लावला, शिळा सुटली, मुलं बाहेर आली. आणि घरंगळत्या शिळेखाली सापडून हिरासुका मेला.

लिंगोने त्या मुलांना शिकवलं आणि त्यांच्यापासून गोंडांची सगा आणि गोत्रांची व्यवस्था उभी राहिली. साडेसातशे गोत्रं, असं सांगतात. त्यामुळे इथे येणारा नुसता देवदर्शनाला येत नाही. तो आपला पूर्वज ज्या अंधारातून बाहेर आला त्या दारापाशी येतो. ट्रॉलीतून दोन दिवस अंग ठेचत येण्याचं हे कारण आहे. आणि मला विचाराल तर या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस तो वादक आहे. धनेगावात रात्रभर वाद्यं का थांबत नाहीत, हे त्याच्यामुळे कळतं.

गोष्ट कालपरवाची नाही. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजात अनेक वैदर्भीय वाचक शिकले असतील, त्याला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका गोंड गायकाची कथा लिहून घेतली होती. ते १८६३मध्ये वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६मध्ये छापले. त्यातही गोंड गुहेत कोंडले जातात आणि लिंगो त्यांना सोडवतो. त्या कथेत एका जागेचं नाव आहे ‘काचीकोपा लोहागड’. कचारगडशी जुळतंय ना?

तसंच ते १९८०च्या दशकात काही गोंड अभ्यासकांनाही वाटलं. त्यांत होते नागपूरचे मोतीरावण कंगाली. रिझर्व्ह बँकेत नोकरी आणि उरलेल्या वेळात गोंडी भाषा आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, यांचा अभ्यास. २०१५मध्ये ते गेले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी माघ पौर्णिमेला इथे यायला सुरुवात केली तेव्हा माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. आज आकडा लाखांत जातो. एका पिढीच्या आत! मंगळवारी रजा टाकून बुधवारी भाषणं ठोकणाऱ्या चळवळी आपण खूप पाहिल्या. बँकेतल्या माणसाने अशी अख्ख्या समाजाची वाट शोधून दिल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आशियातली सर्वांत मोठी?

धनेगावातून गुहेकडे जाणारी वाट सागवान, तेंदू आणि बांबूमधून चढते. वेळेवर गेलात तर पळसही फुलायला लागलेला असतो. रांगेतून मुंगीच्या गतीने वर जाता जाता एकदम डोंगराचा जबडा समोर उघडतो आणि बोलणारी माणसं गप्प होतात.

‘आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ हे तुम्हाला इंटरनेटवर शंभर ठिकाणी वाचायला मिळेल. ते विसरा. जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी सोन डूंग गुहा व्हिएतनाममध्ये, म्हणजे आशियातच आहे. कचारगडला असल्या बिल्ल्याची गरजही नाही. तिथल्या अंधारात उभं राहिल्यावर तेहतीस मुलं आणि एक शिळा एवढंच आठवतं.

मग टेन्ट कुठे लावायचा?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार, कारण ‘ऑफबीट कॅम्पिंग’च्या याद्यांत आता अशी नावं यायला लागली आहेत. स्पष्ट सांगतो, कचारगडला नाही. यात्रेच्या दिवसांत टेन्टला जागा नसते आणि एरवी त्या गुहेच्या तोंडाशी चार जणांनी स्पीकर लावून रात्र काढणं म्हणजे कुणाच्या देवघरात पथारी टाकणं. पंढरीच्या वारीत कुणी मध्येच बार्बेक्यू पेटवलेलं आपल्याला चालेल का?

शिवाय हे जंगल आहे. राखीव जंगलात आग पेटवायला १९२७च्या वन कायद्याने बंदी आहे आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम, म्हणजे माघ पौर्णिमा बरेचदा त्याच्या उंबरठ्यावरच येते. वाळलेल्या सागाच्या पानांवर एक ठिणगी पुरते. कॅलिफोर्नियातल्या त्या लोखंडी कड्याचं महत्त्व इथे पटतं.

तंबूची हौस भागवायचीच असेल तर दरेकसा स्टेशनजवळ हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे तो धबधबा ऐन भरात असतो. ट्रेकिंग आणि कॅम्पिंगसाठी या भागातले लोक वर्षानुवर्षं तिथेच जातात. रात्री राहायचं तर वनविभागाला आधी विचारा. कचारगडला दिवसा जाऊन या. जंगल हिरवंगार असतं, गर्दी नसते.

सुरक्षेचं म्हणाल तर तीन राज्यांच्या सीमेवरचा हा पट्टा अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून बातम्यांत होता. ‘दरेकसा दलम’ हे नाव तुम्ही वाचलंही असेल. नोव्हेंबर २०२५मध्ये या भागातल्या माओवाद्यांच्या एका गटाने गोंदियात शरणागती पत्करली. यात्रेत बंदोबस्त असतोच. इतर वेळी जंगलात जाण्याआधी सालेकसा पोलिसांना कळवून जाणं शहाणपणाचं.

यात्रेलाच जायचं ठरलं तर कॅलेंडरमध्ये माघ पौर्णिमा बघा. ती कधी जानेवारीच्या अखेरीला, कधी फेब्रुवारीच्या शेवटी येते. २०२५मध्ये १२ फेब्रुवारीला होती, २०२६मध्ये १ फेब्रुवारीला. गोंदियातली हॉटेलं तेव्हा आधीच भरतात, पण हॉटेलात राहून कचारगड ‘करायचं’ असेल तर मग काशीदच बरं. एक जाड चादर, कानटोपी, टॉर्च, पाण्याची बाटली आणि आपला कचरा परत आणायला एक पिशवी, बस. गुहेपाशी चपला बाहेर काढा, पूजेचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. परतीसाठी दरेकसा स्टेशनवर पॅसेंजरची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा आणि तासभर आधी जा. त्या गाडीत तुमच्याआधी आजी, गंज आणि नातवंडं चढलेली असतील, सरकून घ्यायला सांगितलं तर जागा होते.