पाणी चढविणारी वाडी

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गाने कृष्णाकाठी उतरणारे आपल्यांतील पुष्कळ प्रवासी दत्तदर्शनाच्या हेतूने निघालेले असतात. कोणी भिलवडीस उतरून औदुंबराची वाट धरतो, कोणी तसाच पुढे नरसोबाच्या वाडीस जातो. या दोन्ही क्षेत्रांच्या अलीकडे, भिलवडीपूर्वी दोनच स्थानके, आणखी एक वाडी लागते. तिची पाटी डब्याच्या खिडकीतून दिसते आणि मागे पडते. तेथे देवालयाची ख्याती नाही, घाट नाही, पर्वणी नाही. परंतु दत्ताच्या वाड्यांत ज्या कृष्णामाईस आपण हात जोडतो, तिचे पाणी उंच चढवून माळावर नेण्याचे साधन जेथे शंभर वर्षांच्या आसपास घडत आले आहे, ती ही किर्लोस्करवाडी. केवळ हिच्यासाठी म्हणून आम्ही येथे उतरलो, आणि या उतरण्याचा आम्हांस यत्किंचितही पश्चात्ताप झाला नाही.

आज ही वस्ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. एका बाजूस कुंडल, दुसऱ्या बाजूस पलूस, आणि सभोवार नजर जाईल तेथे ऊस व द्राक्षाचे मळे. ही हिरवळ पाहून येथे एके काळी ओसाड माळ होता हे सांगूनही खरे वाटत नाही. 1910 साली हा भाग औंध संस्थानात होता. स्थानकाचे नाव तेव्हा कुंडल रोड असे होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या 10 तारखेस लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे येऊन पोचले. त्यांच्याबरोबर सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे येथे वसली. मिळालेली जागा बत्तीस एकर होती. तिजवर निवडुंग माजला होता आणि निवडुंगात नागांची वस्ती होती. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रास नाव देताना निवडुंग आणि गुलाब यांची जोडी योजिली, ती उगीच नव्हे.

हे गृहस्थ या माळावर का आले, हेही सांगितले पाहिजे. लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नसल्यामुळे ती विद्या सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावास परतले. वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह चालविलेले सायकलींचे दुकान, नंतर कडबा कापण्याचे यंत्र, नंतर लोखंडी नांगर, असा त्यांचा क्रम झाला. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने त्यांस जागा खाली करावयास लाविले, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग न ओळखणाऱ्या माणसातील गुण मात्र त्यांनी अचूक ओळखले.

जी मंडळी या माळावर जमली, तिच्याकडे पाहिले असता आजच्या पालकांनी थोडे अंतर्मुख व्हावे असे आम्हांस वाटते. रामूअण्णांनी वस्तीची आखणी व व्यवस्था पाहिली, मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला, शंभूराव जांभेकर यांनी यंत्रांची बाजू उचलली. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत यश न मिळालेले विद्यार्थी, ते विक्रीपासून कायद्यापर्यंत सर्व बाहेरचे व्यवहार पाहू लागले. ज्यांच्या नावाचा दरोडेखोर म्हणून त्या मुलखात दरारा होता, अशा दोघांस वस्तीची राखण सोपविली गेली आणि त्यांनी ती चोख केली. ज्या काळी आपल्या घरांतून मुलाच्या गुणपत्रिकेवरून आणि माणसाच्या जातीवरून त्याची किंमत ठरे, त्या काळी येथे ती कामावरून ठरत होती.

कारखान्याचा पहिला माल नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी गडावरच्या जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, आणि तोफांचे नांगर झाले. 1920 साली व्यवसायास मर्यादित कंपनीचे रूप आले, आणि 1926 च्या सुमारास येथे केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण पुरे करून परतले. तोपर्यंत आपल्या मुलखातील बागायत मोटेवर व रहाटावर चाले. बैलांची एक जोडी दिवसभर धावेवरून खालीवर करी तेव्हा थोड्या वाफ्यांस पाणी मिळे.

येथे पंपाविषयी थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून या धंद्याचे मर्म ध्यानी येणार नाही. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप नळीत पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीवर पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंचीचा स्तंभ पेलतो, त्याहून अधिक नाही. व्यवहारात सहा-सात मीटरच धरावे. म्हणून आपल्याकडील खोल विहिरींत पंप काठावर न ठेवता आत कपारीवर बसवीत. नळीच्या तळाशी असलेली झडप पाणी परत खाली जाऊ देत नाही. इंग्रजीत तिला फुटव्हॉल्व्ह म्हणतात, आणि खेड्यात तिचाच सुटसुटीत 'फुटबॉल' झाला आहे. एकदा पाणी आत शिरले की फिरणारा पंखा त्यास परिघाकडे फेकतो, आणि मग ते पुष्कळ उंच चढू शकते.

नांगर विकणाऱ्यास शेत पाहावे लागत नाही. पंप विकणाऱ्यास मात्र विहीर पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. चैत्रात पाणी किती खाली जाते, वर किती चढवावयाचे आहे, नळ किती लांब व किती रुंद आहे, वीज कोणत्या दाबाने मिळते, हे सर्व ठाऊक नसेल तर उत्तम पंपही वाईट ठरतो. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदास 75 किलो वजन एक मीटर उचलण्याचे बळ. या हिशेबाने पाच अश्वशक्तीच्या पंपाने निम्मे बळ जरी कामी लाविले, तरी वीस मीटर उंचीवर सेकंदास सुमारे नऊ लिटर पाणी पडावयास हवे. ते पडत नसेल तर दोष बहुधा नळात असतो. पाणी तितकेच ठेवून नळाची रुंदी निम्मी केली, तर घर्षणाने वाया जाणारी उंची सुमारे बत्तीसपट होते. पैसे वाचविण्यासाठी अरुंद नळ घेणारा शेतकरी ती बचत दरमहा विजेच्या बिलात फेडीत राहतो. उलट, फार उंचीसाठी केलेला पंप सखल जागी लाविला, तर तो भसाभस पाणी फेकतो, मोटारीवर ताण वाढतो, आणि ती जळते. 'मोठा पंप तो चांगला' हा समज म्हणूनच खोटा.

नदीकडच्या एका मळ्यात वयस्क शेतकऱ्याशी आमचे बोलणे झाले. पंप कोणता चांगला, असे आम्ही विचारिले. ते हसून म्हणाले, "पाव्हणं, चांगला-वाईट आम्ही घेताना बघत न्हाई. इकणारा गावाला गेला तरी चालतंय, पर दुरुस्त करणारा हाताशी पायजे. मोटार बंद पडली म्हणून ऊस काय थांबतोय व्हय?" कारखान्याच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा या वाक्यात अधिक अर्थशास्त्र आहे. वैशाखात पाण्याची एक पाळी चुकली की पिकाची जी हानी होते, ती नवा पंप दिल्यानेही भरून निघत नाही. ग्राहकाने पैसे पंपाचे दिलेले असतात, पण त्यास हवे असते ते वेळेवर पाणी. या दोहोंतील अंतर भरून काढणे हाच या धंद्यातील ग्राहकसेवेचा अर्थ होय. त्यासाठी तालुक्याच्या गावी सुटे भाग असावे लागतात, जुन्या नमुन्याचा पंखा वीस वर्षांनीही मिळावा लागतो, आणि मोटारीचे वेटोळे पुन्हा भरणारा कारागीर जाणता असावा लागतो.

कृष्णाकाठी या सेवेची कसोटी महापुरात लागते. 2005, 2019 आणि 2021 या वर्षी या भागाने भयंकर पूर पाहिले. नदी चढू लागली की काठावरच्या मोटारी सोडवून उंच जागी नेण्यासाठी शेतकऱ्यांची एकच धावपळ उडते. ज्या राहतात त्या गाळात रुततात. पूर ओसरल्यावर त्या धुऊन, वाळवून, तपासून पुन्हा चालू करावयाच्या, आणि तेही शेकडो जणांच्या एकाच वेळी. नवा माल खपविण्याची ही नामी संधी आहे असे एखाद्या विक्रेत्यास वाटेल. परंतु जो त्या वेळी जुनी मोटार दुरुस्त होण्याजोगी आहे असे प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्याच दुकानाची पायरी पुढची पिढी चढते.

धंदा वाढला म्हणजे हे प्रामाणिकपण टिकविणे कठीण होते. लहान कारखान्याचा मालक गिऱ्हाइकास नावाने ओळखतो, मोठ्या कारखान्यास ते आकड्यांनी ठाऊक असते. किर्लोस्कर ब्रदर्सची मुख्य कचेरी आता पुण्यास आहे, आणि कारखाने देवास, शिरवळ, कोईमतूर अशा दूरदूरच्या गावी आहेत. त्यांपैकी कोईमतूरचा कारखाना सर्वस्वी स्त्रियाच चालवितात, हे आमच्या भगिनीवाचकांस कळविण्यात आम्हांस विशेष आनंद वाटतो. असा विस्तार झाल्यावर मूळचा स्वभाव कितपत उरतो, याचे एक उदाहरण 2018 सालचे आहे. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक पाण्याने कोंडले गेले. तेव्हा या कंपनीचे जाणकार तेथे जाऊन पाणी उपसण्याविषयी साह्य करीत होते, आणि पाणी उपसणारे मोठे पंप किर्लोस्करवाडीस विमानाने धाडण्यासाठी सज्ज ठेविले होते. जुलैच्या 10 तारखेपर्यंत सर्वजण सुखरूप बाहेर आले. मुलांस बाहेर काढणारे पाणबुडे होते, आणि श्रेय प्रथम त्यांचेच. परंतु त्या श्रेयाच्या मागे पाण्याची पातळी आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्रांचे मूक कष्ट होते, हे विसरता कामा नये.

आता एक कटु प्रकरण. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व उद्योगांवर जे हल्ले झाले, त्यांत किर्लोस्करवाडीही सुटली नाही. जमाव चालून आला आणि कारखान्यास आग लाविली गेली. आपल्यांतील कित्येक घरांत त्या दिवसांच्या आठवणी आजही हलक्या आवाजात सांगितल्या जातात. कित्येक कुटुंबांनी तेव्हा गाव सोडले ते कायमचे. त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु हीच गोष्ट सांगताना तिचा उत्तरार्ध आपण बहुधा गाळतो. किर्लोस्करवाडीचा कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला. ज्या मुलखातून जमाव आला, त्याच मुलखात पुढे त्यास आपला पंप विकावयाचा होता, आणि त्याच मुलखाने तो विश्वासाने घ्यावयाचा होता. भाषणांनी हे घडले नसते. बिघडलेल्या पंपाची तक्रार आली असता माणूस खेड्यात जातो, विहिरीत उतरतो, हात काळे करतो आणि पाणी वर येईपर्यंत थांबतो. दोन समाजांत तुटलेले सूत अशा कामांनीच हळूहळू पुन्हा जुळते, असे आमचे मत आहे.

या वाडीचे गुणगान करताना एक इशाराही दिला पाहिजे. मोट थकत असे, बैल थकत, म्हणून विहिरीस रात्री झरण्यास अवकाश मिळे. पंप थकत नाही. तो विहीर कोरडी करू शकतो, आणि शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणीही जमिनीच्या पोटातून ओढून घेऊ शकतो. दुष्काळी भागांत खोल खोल जाणाऱ्या कूपनलिका याची साक्ष देतात. तेव्हा ग्राहकाची खरी सेवा पुष्कळदा अधिक बळाचा पंप देण्यात नसून, 'तुमच्या विहिरीस याहून मोठा पंप सोसणार नाही' असे स्पष्ट सांगण्यात असते. असे सांगणारा विक्रेता त्या दिवशी थोडे गमावतो. पण ज्या धंद्याचा पायाच जमिनीतल्या पाण्यावर आहे, त्याने ते पाणीच संपविले तर उद्या विकावयाचे काय?

लक्ष्मणराव 1956 साली पुण्यास निवर्तले. त्यांच्या नांगरांची जागा ट्रॅक्टरांनी घेतली. पाणी मात्र खालून वर स्वतः होऊन कधीच चढत नाही, म्हणून पंपाचे काम अजून संपलेले नाही. आपल्या सुशिक्षित घरांतील तरुणांनी परदेशी जावे, मोठ्या कचेऱ्यांत बसावे, आमचा त्यास विरोध नाही. तथापि सुट्टीत एकदा त्यांनी या स्थानकावर उतरावे, आसपासच्या मळ्यांतून हिंडावे, आणि पाटात पडणारे पाणी किती हातांनी वर आणले आहे याचा हिशेब करून पाहावा. कोणत्याही शाळेत न मिळणारा धडा त्यांस तेथे अर्ध्या दिवसात मिळेल.