खाणीतली कॅनरी

‘कॅनरी इन द कोल माइन’ हा वाक्प्रचार इंग्रजी वृत्तपत्रांत वारंवार आढळतो. समुद्रातली प्रवाळे पांढरी पडू लागली की त्यांना तापत्या पृथ्वीची कॅनरी म्हटले जाते. मराठीत अशा ठिकाणी ‘धोक्याची घंटा’ वाजते. पण घंटा श्वास घेत नाही. कॅनरीच्या बाबतीत इशारा देणाऱ्यालाच प्रथम इजा होते. किंबहुना ती इजा हाच इशारा असतो. प्रत्येक वाईट बातमीला हे नाव देणे म्हणूनच चुकीचे.

२७ जानेवारी १८९६. वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसे दगावली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले. (पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचेच पुत्र.) बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. ना रंग, ना वास. रक्तातील प्राणवायूची जागा हा वायू बळकावतो आणि माणसाला कळण्यापूर्वीच त्याचे पाय लटपटतात. हॉल्डेन यांनी तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते!

लहान जिवाचा श्वास जलद, त्यामुळे विष त्याला लवकर चढते. म्हणून त्यांनी उंदीर किंवा कॅनरी सोबत नेण्याचा सल्ला दिला. उंदीर नुसता मलूल होतो. पक्षी दांडीवरून खाली पडतो आणि अंधुक दिव्यातही ते दिसते. स्फोटानंतर खाणीत उतरणारी बचाव पथके पिंजरा घेऊन जाऊ लागली. पक्षी डगमगला की मागे फिरायचे.

मात्र वाक्प्रचार एक गोष्ट विसरला आहे. काही पिंजऱ्यांवर प्राणवायूची छोटी नळकांडी बसवलेली असे. पक्षी कोसळताच पिंजऱ्याचे दार बंद करून झडप उघडायची आणि त्याला पुन्हा शुद्धीवर आणायचे. आजच्या भाषेतली कॅनरी मरण्यासाठीच असते. खाणकामगारांची तशी नव्हती. ते तिच्याशी शीळ घालून बोलत, तिला लाडाने वाढवत.

१९८६ साली ब्रिटिश खाणींतून कॅनऱ्या निवृत्त करून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचे जाहीर झाले. यंत्र अचूक होते, स्वस्तही होते. तरीही अनेक कामगार हळहळले.