मांडून ठेवा

परवा रात्री आमटीला फोडणी देताना हिंगाची डबी उघडली. झाकण घट्ट बसलं होतं म्हणून जोर लावला आणि ते निघालं ते एकदम, नाकाशीच. मोहरी तडतडून काळी पडली तरी माझा हात पुढे जाईना. वास हिंगाचाच होता, पण अर्धा होता. त्याच्यामागे रॉकेलचा यायला हवा होता, मग गुळाच्या ढेपेचा, तूरडाळीच्या पोत्यातल्या धुळीचा, आणि अगदी तळाशी, हाताळून हाताळून मऊ पडलेल्या कागदाचा. हे सगळं मिळून जो वास होतो, तो आमच्या वहीचा.

त्या दिवशी पाच तारीख होती. सकाळीच घराचा हप्ता गेल्याचा मेसेज येऊन पडला होता. वीस वर्षांतलं हे अकरावं वर्ष. तो हप्ता निमूट येतो आणि निमूट जातो, त्याला वास नाही की आवाज नाही. वहीला दोन्ही होतं.

वीतभर लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. लालबागच्या आमच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, दाराच्या आतल्या अंगाला कालनिर्णय ज्या खिळ्यावर होतं त्याच खिळ्याला ती सुतळीने अडकवलेली असे. दिवेलागणीला आई म्हणायची, "बाय, वही घे." मग पिशवीत वही, वहीशेजारी रेशनच्या रॉकेलची बाटली, आणि येताना त्या दोघींच्या मध्ये डाळ, गूळ, हिंगाची पुडी. वर्षानुवर्षं एकाच पिशवीतून हे सगळं सोबत आलं-गेलं, तेव्हा कुठे तो वास मुरला. वाण्याच्या दुकानात शेठना निरोप ठरलेला: "आईने सांगितलंय, मांडून ठेवा." उधार हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. मांडून ठेवा. पाट मांडतात, पूजा मांडतात, संसार मांडतात, तसंच हेही. दहा तारखेला वडिलांचा, म्हणजे दादांचा, पगार झाला की शेठ कानावरचं पेन काढत आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब तिरकी रेघ ओढत. सर्रर्र. त्या आवाजासाठी मी दहा तारखेची वाट बघायची.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि रेघ थांबली.

कामगारनेते डॉक्टर सामंतांच्या शब्दावर सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली, असं पुढे वाचलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की आमच्या मजल्यावरचे सगळे पुरुष भर दुपारी गॅलरीत उभे आहेत, आणि ज्या भोंग्यावर आई कुकर चढवायची तो वाजत नाही. आईची लहानशी खाणावळ होती. शेजारच्या गाळ्यात राहणारे सहा जण, कुणी राजापूरचे, कुणी साताऱ्याकडचे, दोन्ही वेळा आमच्याकडे जेवत आणि पगार झाला की पैसे देत. आता त्यांचाही पगार नव्हता. तरी रात्री सहा पाट मांडले जातच राहिले. दादा एकदा काही बोलायला गेले, तर ती हलक्या आवाजात म्हणाली, "भुकेल्याला काय वही दाखवायची?" त्यांतले चौघे पावसाळ्याआधी गावी गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या भाकऱ्यांचं पीठ आमच्या वहीत राहिलं. आमच्या कर्जात अशी कितीतरी भूक दुसऱ्यांची होती, आणि आईने ती कधी वेगळी काढून दाखवली नाही.

पाटल्या पेढीवर गेल्या. मग सावकार झाला, शेकडा पाचाने, महिन्याला.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. दागिना नसलेल्या, सहीऐवजी अंगठा उमटवणाऱ्या बाईलाही बँक दारात उभी करते, भाकरी थापणारे हात हेच तिचं तारण, हे त्या बायकांना तिथे कळलं. खालच्या मजल्यावरच्या मावशी आईला तिकडे घेऊन गेल्या. बँकेच्या पैशांतून आधी सावकार मिटवला, उरलेल्यातून मोठं पातेलं आणि डबे आले. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, नऊला डबेवाला दारात, आणि आईच्या हातची भाजी फोर्टातल्या कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत पोचायची. दादा दादरच्या एका इमारतीत रात्रपाळीला वॉचमन म्हणून लागले. साचा चालवणारे हात रात्रभर काठी धरून बसत. दिवसा ते झोपत, आणि आम्ही भावंडं कुजबुजत भांडत असू. दादांविषयी मला अजून नीट लिहिता येत नाही.

पैसे आईने तीन ठिकाणी वाटून ठेवले होते. बँकेच्या हप्त्याचे तांदळाच्या डब्यात, पेढीच्या व्याजाचे चहाच्या डब्यात, शेठचे देवांच्या फळीवर, अन्नपूर्णेच्या मागे. घर मात्र कर्ज फिटेपर्यंत थांबत नसतं. भावाला गोवर आला, ताईच्या फ्रॉकची दुमड सोडून झाली आणि सोडायला दुमड उरली नाही, माझी चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा आली. तांदळाच्या डब्याला कुणी हात लावला नाही. चहाच्या डब्यात हात गेला, पुन्हा भरला गेला, पुन्हा गेला. आई "नाही" म्हणायची नाही. "होळी होऊ दे," म्हणायची, "गणपती होऊ देत." आमचं वर्ष असं सणासणांनी पुढे ढकललं जाई.

अशाच एका होळीला शेठनी डाळीबरोबर गुळाचा एक खडा जास्त टाकला आणि लिहिला नाही. मला ते दिसलं. घरी येऊन मी आनंदाने सांगितलं, आणि आईचा चेहरा मिटला. तिने पदराला हात पुसले. "परत जा. म्हणावं, हेही मांडून ठेवा." मी गेले. शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी पेन काढलं आणि मांडलं. जिन्याच्या दिव्याखाली मी वही उघडून पाहिली. आकडा निम्मा होता. ते मी आईला सांगितलं नाही, आणि तिनेही त्या रात्री वही उघडली नाही. खिळ्याला अडकवताना तिने एकदा पुठ्ठ्यावरून हात तेवढा फिरवला.

आपल्या भाषेत कर्ज फिटतं. पहाटे अंधार फिटतो, डोळ्यांचं पारणं फिटतं, तसंच. आईबापांचे पांग फेडायचे म्हणतात, नवसही फेडतात. कर्जाला हेच क्रियापद कुणी दिलं असेल? ज्याने दिलं त्याने वर्षानुवर्षं घट्ट बसलेली गाठ सैल होताना आपल्या बोटांनी अनुभवली असणार, असं मला वाटतं. संप मिटल्याचं मात्र कुणी कधी सांगितलंच नाही. तो फिटला नाही.

पाटल्याही परत आल्या नाहीत.

पण वही फिटली. १९८८च्या श्रावणात, एका पावसाळी संध्याकाळी, आई स्वतः माझ्याबरोबर दुकानात आली. अन्नपूर्णेमागची पुरचुंडी तिने फळीवर सोडली. नोटा ओलसर होत्या, शेठनी त्या एकेक करून सरळ केल्या. मग रेघ नसलेल्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. रेघ, पान उलटायचं, रेघ. बाहेर पत्र्यावर पाऊस आणि आत ती सर्रर्र, सहा वर्षांनी. शेवटच्या पानावर त्यांनी "चुकते" असं लिहिलं आणि वही दोन्ही हातांनी पुढे केली. "वहिनी, अजून काही?"

"हिंग द्या, दहा ग्रॅम."

शेठचा हात सवयीने कानाकडे गेला. "मांडू ना?"

"नको. रोख." आईने हा शब्द इतक्या सावकाश उच्चारला, की मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती बरणीतल्या गोळ्यांकडे बघत होती.

येताना आम्ही छत्रीत होतो, तरी ती भिजत होती. घरी आल्यावर तिने वही पदराने कोरडी केली, हिंगाची पुडी फळीवर ठेवली, आणि सुतळीची गाठ मारून वही पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली. मी म्हटलं, "आता कशाला?"

"राहू दे," ती म्हणाली. "खिळा मोकळा दिसतो."