शेवटचे पाऊल

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही वाचकमित्रांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुन्हा एकवार, आणि ह्या खेपेस मिळून, वाचायला घेतली. दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचे आणि दोन-तीन प्रकरणांवर बोलायचे, असा क्रम होता. आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य साहित्य शिकवण्यात गेलेले; त्यामुळे कादंबरीचा उत्कर्षबिंदू आला की वाद रंगणार, हे ठाऊक होते. तो कुठे जाऊन थांबेल, हे मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हते.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडातला तो प्रसंग वाचकांना आठवत असेलच. ती दुष्ट अंगठी जिथे घडवली गेली त्याच अग्निगर्भ डोंगरात टाकून नष्ट करायची, एवढ्यासाठी फ्रोडो मजल दरमजल करत तिथवर पोचतो. अखेरच्या चढावर सॅम त्याला पाठीवर घेतो. आणि ऐन काठाशी उभा राहून फ्रोडो नकार देतो; अंगठी आपलीच म्हणून बोटात घालतो. तेव्हा गॉलम, म्हणजे पूर्वी ती अंगठी बाळगणारा आणि तिच्यापायी पार नासलेला जीव, झडप घालून त्याचे बोटच दातांनी तोडतो आणि आनंदाच्या भरात नाचता नाचता अंगठीसकट आगीत कोसळतो. जग वाचते; पण नायकाच्या हातून नव्हे.

"एवढी हजार पाने वाचकाला चालवायचे आणि शेवटी पाय घसरून प्रश्न सोडवायचा, ही लेखकाची पळवाट नाही का?" आमच्यातल्या एक प्राध्यापिका म्हणाल्या. २००३ सालच्या चित्रपटात फ्रोडो गॉलमशी झटापट करतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून जातात, ह्याकडे त्यांनी लक्ष वेधले. नायकाच्या हातून काहीतरी घडावे, ही भूक दिग्दर्शकालाही जाणवली असावी.

ह्यावर आमच्या सरांनी जे मांडले ते आम्हांला महत्त्वाचे वाटले. गॉलम त्या काठावर जिवंत पोचतोच कसा, असा प्रश्न त्यांनी केला. बिल्बोने त्याला एकदा दयेपोटी सोडले होते, फ्रोडोने वाटेत सांभाळले, आणि त्याच दिवशी डोंगराच्या उतारावर तलवार उपसलेल्या सॅमलाही त्याला मारणे जमले नाही. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९३७ सालच्या 'द हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत बिल्बोच्या दयेचा तो प्रसंग नव्हताच. १९५१ सालच्या आवृत्तीसाठी टोल्किन ह्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले. शेवट उभा राहावा म्हणून लेखक मागे जाऊन पाया घालतो, ह्याला पळवाट कशी म्हणायची? सरांचे म्हणणे असे, की अंगठी आगीत पडते ती त्या क्षणीच्या निर्धारामुळे नव्हे, तर जुन्या, विसरल्या गेलेल्या दयेमुळे.

"मान्य," प्राध्यापिका म्हणाल्या, "पण फ्रोडो हरलाच ना?"

त्यांच्या स्वरात काहीतरी निराळे होते. थोड्या वेळाने त्या आपणहून बोलल्या. आईचे अंथरुणातले आजारपण त्यांनी सहा वर्षे काढले. शेवटच्या रात्री मात्र त्यांना झोप अनावर झाली, आणि आईजवळ मदतनीस बाईला बसवून त्या घरी गेल्या. पहाटे फोन आला. "सहा वर्षांचे कुणी विचारत नाही सर," त्या म्हणाल्या, "मीसुद्धा विचारत नाही. त्या एका रात्रीचेच विचारते."

आम्ही सारे गप्प राहिलो. मग सरांनी टोल्किन ह्यांच्या १९६३ सालच्या एका पत्राच्या मसुद्याची आठवण दिली. फ्रोडोचे अपयश हे नैतिक अपयश नव्हे, असे टोल्किन तिथे सांगतात. त्या क्षणीचा अंगठीचा दाब कुणालाच सोसला नसता, आणि फ्रोडोने आपल्याजवळचे होते नव्हते ते सारे तोवर खर्चून टाकले होते. परीक्षकांच्या जातीतल्या आम्हां मंडळींना हे पचायला जड जाते. आम्ही उत्तराचा शेवट आधी पाहतो.

पण ह्या विचाराने बाईंचे समाधान झाले, असे सांगणे खोटेपणाचे होईल. कादंबरीही तसे सांगत नाही. फ्रोडोला कुणी दोष देत नाही, तोही लगेच गॉलमला क्षमा करून टाकतो. तरीही घरी परतल्यावर जुन्या जखमांच्या तिथी आल्या की तो आजारी पडतो, आणि अखेरीस सारे सोडून जहाजाने निघून जातो. क्षमा मिळणे आणि जखम भरणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या सचोटीने सांगणारा शेवट आम्हांला पळवाट वाटेनासा झाला.

उठताना बाईंनी विचारले, "पुढच्या रविवारी परतीच्या प्रवासाची प्रकरणे ना?" आम्ही हो म्हटले. त्या म्हणाल्या, "ती मी मागच्या खेपेस नीट वाचली नव्हती."