पुनरुत्थानाचा आनंद

नाताळचा सण आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. हिंदु, मुसलमान व जैन मुलेंही त्या दिवसांत वर्गांत तारे टांगतात. परंतु ईस्टरचा सण, म्हणजे प्रभु येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार, पुष्कळांस अपरिचित राहतो. "सर, या सणांत तुम्ही करतां तरी काय?" असा प्रश्न आम्हांस दरवर्षीं कोणी ना कोणी विचारतो. त्याचें उत्तर तास संपतां संपतां दोन वाक्यांत देतां येण्याजोगें नाहीं. म्हणून तें या वार्षिकांत देण्याचें योजिलें आहे.

ईस्टरची तारीख दरवर्षीं बदलते. २१ मार्च रोजीं अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील रविवार तो ईस्टर, अशी सामान्य गणना आहे. आमच्याकडील अनेक मंडळ्यांत त्या दिवशीं लोक पहांटे, उजाडण्यापूर्वींच, कबरस्तानांत जमतात. कबरींवरील गवत काढलेलें असतें, फुलें वाहिलेलीं असतात, मेणबत्त्या तेवत असतात, आणि पूर्वेस तांबडें फुटूं लागलें कीं गीतें सुरू होतात. सण साजरा करावयास ही कसली जागा, असें परक्यास वाटेल. परंतु खरोखर याहून योग्य जागा दुसरी नाहीं. कबरस्तानास इंग्रजींत जो 'सिमेटरी' शब्द आहे, त्याचें मूळ 'निजण्याचें ठिकाण' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे. जो निजला आहे त्यास कोणी तरी उठवील, ही आशा त्या एका शब्दांत साठविली आहे.

तथापि हा आनंद स्वस्त नाहीं. शुभवर्तमानांतील हकीकत लक्षपूर्वक वाचली असतां असें दिसतें कीं, त्या पहिल्या दिवसाच्या आरंभीं आनंद मुळींच नव्हता. मग्दालीया मरीया कबरेजवळ रडत उभी होती, व समोर आलेल्या प्रभूस ती माळी समजली. अम्माऊसकडे जाणारे दोघे शिष्य सुमारें सात मैलांची वाट खिन्न मनानें चालत होते, व आपला आशाभंग ज्याच्यापाशीं सांगत होते तो कोण हें त्यांस कळलें नव्हतें. पुढें प्रभु सर्वांमध्यें येऊन उभा राहिला तेव्हांही शिष्यांस विश्वास बसेना. आणि लूक त्याचें कारण आनंद हेंच देतो. अतिशय हवीशी गोष्ट समोर आली म्हणजे मनुष्य तिच्यावर विश्वास ठेवण्यास भितो, हें मनुष्यस्वभावाचें किती यथार्थ चित्र आहे!

आत्म्याच्या अमरत्वाची कल्पना या भूमीस नवी नाहीं. गीतेचा दुसरा अध्याय कानांवरून गेला नाहीं असा मराठी मुलगा विरळा. परंतु पुनरुत्थानाचा विश्वास याहून निराळी गोष्ट सांगतो. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. त्यानें मरीयेस नांवानें हांक मारिली, तेव्हां तिनें त्यास ओळखिलें. तिबिर्या समुद्राच्या कांठीं विस्तवावर मासळी व भाकर तयार ठेवून त्यानें शिष्यांस न्याहारीस बोलाविलें. त्या सकाळीं जाळ्यांत १५३ मोठे मासे सांपडले, हा आंकडा योहानानें नमूद करून ठेविला आहे. नांव, व्रण, भाकर, मासळी! ज्या साध्या खुणांनीं मनुष्य मनुष्यास ओळखतो, त्या देवानें टाकाऊ मानिल्या नाहींत.

हें आम्ही केवळ पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. पांच वर्षांपूर्वीं आमची धाकटी कन्या सातव्या वर्षीं तापानें वारली. समाचारास आलेले स्नेही मायेनें म्हणत, "ती देवाघरीं सुखी आहे, आतां रडूं नका." परंतु तिच्या आईस व आम्हांस त्या शब्दांनीं धीर येईना. आम्हांस नुसता आत्मा नको होता. पुढचे दात पडल्यामुळें 'स'चा 'श' करणारी, वहीच्या समासांत चिमण्या काढणारी आमची मुलगी हवी होती. पुढील ईस्टरच्या पहांटे कबरस्तानांत पाळकसाहेबांनीं लाजाराची कथा सांगितली. मित्रास आपण आतांच उठविणार, हें ठाऊक असूनही प्रभूनें त्याच्या कबरेकडे जातांना अश्रु ढाळले, याकडे त्यांनीं आमचें लक्ष वेधिलें. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणें म्हणजे रडणें सोडणें नव्हे, हें तेव्हां आमच्या मनांत खोल उतरलें. घरीं परततांना तिची आई म्हणाली, "अहो, मरीयेला त्यानें नांवानेंच हांक मारली ना? मग आपल्या पोरीचें नांवही त्याला ठाऊक असेल." त्या रात्रीं कौटुंबिक उपासनेच्या वेळीं आम्ही उभयतांनीं कित्येक महिन्यांनीं एकत्र गीत गाइलें. आवाज कांपत होता. पण तो आनंदच होता.

असा आनंद मनुष्यास हातपाय जोडून बसूं देत नाहीं. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजीं निवर्तली, आणि स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं. मधल्या त्या थोड्या महिन्यांतही त्या माउलीनें केडगांवच्या मुक्ति मिशनमधील आपली सेवा व पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचें काम सोडिलें नाहीं. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय पुनरुत्थानाविषयींच आहे. त्याचा शेवट तो प्रभूच्या कामांत स्थिर राहण्याच्या उपदेशानें करितो, कारण तें काम व्यर्थ जात नाहीं. आणि १६ व्या अध्यायाच्या आरंभींच यरुशलेमेंतील बांधवांसाठीं वर्गणी जमविण्याची व्यवस्था सांगतो. इतक्या उंच विचारावरून तो एकदम वर्गणीवर आला, याचें पूर्वीं आम्हांस नवल वाटे. आतां वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ईस्टरला आम्ही काय करितों, याचें उत्तर एवढेंच: रविवारीं कबरींपाशीं गातों, आणि सुटी संपतांच तुमच्या वह्या तपासावयास बसतों. एखाद्या समासांत चिमणी काढलेली दिसली, तर तिच्यावर आमची लाल रेघ फिरत नाहीं.